बातमीपत्राचें रूप

सुशिक्षित कुटुंबांतील बहुतेकांच्या ई-मेलच्या पेटींत हल्लीं रोज एखादें तरी बातमीपत्र येऊन पडतें. कोणी ग्रंथविक्रेता नव्या पुस्तकांची वार्ता कळवितो, कोणी संस्था आपल्या महिन्याभराच्या कार्याचा वृत्तांत धाडते, तर कोणी लेखक आपल्या वाचकांस थेट पत्र लिहितो. हीं पत्रें आकर्षक कशीं करावीं व तीं वाचलीं कशीं जावीं, याची चर्चाही पुष्कळ चालते. या चर्चेचा सूर बहुधा असा असतो कीं, हा प्रश्न संगणकानेंच प्रथम उत्पन्न केला असून त्याचें उत्तर रंगांत, चित्रांत व मथळ्यांच्या आकारांत सांपडावयाचें आहे. आमचें मत याहून निराळें आहे. बातमीपत्र ही संस्था निदान साडेचारशें वर्षांची, म्हणजे छापील वर्तमानपत्राहूनही जुनी आहे. तिचें रूप कसें असावें हा प्रश्न प्रत्येक काळीं पुढें आलेला आहे. आणि आपला वाचक कोठें बसून, कोणत्या घाईंत व कोणाच्या मुखानें वाचतो हें ज्यांनीं ओळखलें, त्यांनाच त्याचें उत्तर साधलेलें आहे. हा इतिहास थोडक्यांत सांगून, त्यावरून आजच्या बातमीपत्रकारानें काय घ्यावें, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

सोळाव्या शतकांत व्हेनिस हें व्यापाराचें व राजकारणाचें मोठें नाकें होतें. पूर्वेकडून येणारीं गलबतें, तुर्कांच्या हालचाली, रोममधील पोपच्या दरबारच्या गोष्टी, या साऱ्यांच्या बातम्या तेथें एकत्र येत. त्या लिहून विकणाऱ्या लोकांचा एक धंदाच तेथें उभा राहिला. त्यांच्या हस्तलिखित पत्रांस ‘अव्वीझी’ म्हणत. घडी घातलेल्या कागदाच्या दोनचार पानांवर मजकूर असे. लेखकाचें नांव नाहीं, मोठा मथळा नाहीं, नक्षी नाहीं. आरंभीं गांवाचें नांव व तारीख, आणि त्याखालीं त्या गांवाहून आलेल्या बातम्या लहान लहान परिच्छेदांत. मग दुसरें गांव, दुसरी तारीख. हें रूप आज कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्या व्यापाऱ्यासाठीं तें पत्र निघे त्याची गरज ध्यानांत घेतली म्हणजे त्यांतील शहाणपण दिसूं लागतें. बातमी कोठून निघाली व ती किती दिवसांची शिळी आहे, यावरच तिची किंमत ठरावयाची. तेव्हां गांव व तारीख या दोन गोष्टी डोळ्यांस आधीं दिसल्या पाहिजेत, बाकीचें मागून. ऑग्सबुर्ग येथील फुग्गर या धनाढ्य घराण्यांतील फिलिप एडुआर्ड व ऑक्टाव्हियान सेकुंडस या बंधूंनीं १५६८ ते १६०५ पर्यंत अशीं हजारों पत्रें जमविलीं; तो संग्रह आज व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे.

पुढें हें काम छापखान्याकडे आलें तेव्हां काय झालें, हेंही पाहण्यासारखें आहे. स्ट्रासबुर्ग शहरीं योहान कारोलुस नांवाचा एक गृहस्थ वर्गणीदारांस हस्तलिखित बातमीपत्रें पुरवीत असे. नकला करण्यांत फार वेळ जातो, म्हणून १६०५ सालीं त्यानें तीं छापण्यास आरंभ केला; त्यानें त्या शहराच्या सभेस केलेल्या अर्जावरून ही हकीकत कळते. जगांतील पहिलें छापील वर्तमानपत्र म्हणून त्याच्या पत्राचें नांव घेतात. परंतु त्या छापील अंकाचा घाट पूर्वीच्या हस्तलिखिताचाच होता: तेंच गांव, तीच तारीख, तेच लहान परिच्छेद. यंत्र नवें आलें तरी वाचक जुनाच होता, आणि त्याची डोळ्यांची संवय मोडण्याचें त्या मुद्रकास कारण दिसलें नाहीं.

याच शतकांत आपल्या देशांत हें काम अखबारनवीस करीत होते. मोगल दरबारांत दिवसभर काय घडलें, कोण भेटीस आलें, कोणास वस्त्रें मिळालीं, कोणत्या सुभ्याहून काय वर्तमान आलें, याच्या याद्या फारसींत लिहिल्या जात आणि निरनिराळ्या संस्थानांचे वकील त्यांच्या नकला आपापल्या धन्यांकडे रवाना करीत. जयपूर दरबाराकडे गेलेल्या अशा अखबारांचा मोठा संग्रह बिकानेरच्या दप्तरखान्यांत आहे, आणि कर्नल टॉड यानें दिलेला दुसरा एक संग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. सर जदुनाथ सरकार यांनीं औरंगजेबाचा इतिहास लिहितांना या कागदांचा मोठा आधार घेतला. मराठ्यांच्या राज्यांतही ही संस्था होतीच. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील वाकनीस हें पद ज्या फारसी शब्दावरून आलें त्याचा अर्थच मुळीं घडलेल्या गोष्टी लिहून ठेवणारा असा आहे. पुढें पेशवाईंत दिल्लीस राहिलेल्या हिंगण्यांसारख्या वकिलांचीं पत्रें हींही एका परीनें बातमीपत्रेंच होत.

आतां या मराठी पत्रांच्या रूपाकडे पाहावें. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलून त्या रेघेखालीं अक्षरें लिहीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. आज असा कागद हातीं आला म्हणजे चांगल्या शिकलेल्या मनुष्यासही घाम फुटतो, आणि आपण त्या लेखनास दुर्वाच्य ठरवून मोकळे होतों. परंतु हा न्याय एकांगी आहे. तें पत्र धन्यानें एकांतांत, मनांतल्या मनांत वाचावें अशी कल्पनाच पुष्कळदां नसे. तरबेज कारकून तें मोठ्यानें वाची व धनी ऐके. वाचणाऱ्याच्या नजरेस शब्दांमधील जागेची गरज नव्हती, आणि ऐकणाऱ्याच्या कानास ती दिसणार नव्हती. कानासाठीं निराळ्या खुणा होत्या. मायना झाला, क्षेमकुशल झालें, आणि ‘विशेष’ हा शब्द उच्चारला गेला कीं खरें वर्तमान आतां सुरू होतें हें धनी जाणे व सावरून बसे. आजच्या पत्रांतील मथळा डोळ्यासाठीं जें काम करतो तें काम हा एक शब्द कानासाठीं करीत असे.

युरोपांतही याहून निराळें घडलें नव्हतें. प्राचीन ग्रीक व रोमन ग्रंथांतील अक्षरें सलग लिहिलेलीं असत. शब्दांमध्यें नियमानें जागा सोडण्याची पद्धत सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतील लेखकांनीं पाडली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. त्यामुळें सलग ओळींतील शब्द निवडणें त्यांस जड जाई. तेव्हां सुवाच्यतेचा हा मोठा शोध अक्षरांच्या शोभेसाठीं लागला नाहीं. वाचणाऱ्याची अडचण दूर करण्यासाठीं लागला. आपल्याकडे ही स्थिति एकोणिसाव्या शतकांत आली. छापलेलें पुस्तक कारकुनाच्या मध्यस्थीवांचून घरोघर पोहोंचूं लागलें, आणि छापण्यासाठीं मोडीपेक्षां बाळबोध लिपी मुख्यत्वें पसंत पडली. मुलांनाही कळावी अशी ती लिपी, हें तिच्या नांवांतच आहे. मेजर टॉमस कँडी यांनीं त्या शतकाच्या मध्यास मराठींत विरामचिन्हें रूढ केलीं. ज्या श्वासाची जागा पूर्वीं कारकुनाचा कंठ दाखवीत असे ती आतां स्वल्पविराम दाखवूं लागला.

इकडे हें होण्यापूर्वीं इंग्लंडांत बातमीपत्राच्या रूपाचा एक मोठा मनोरंजक प्रयोग होऊन गेला होता. तेथें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेन्री मडिमन हा वर्षास ५ पौंड वर्गणी घेऊन आपलीं हस्तलिखित पत्रें गांवोगांवीं पाठवीत असे. अशा पत्राची खेड्यापाड्यांतील जमीनदार व धर्मोपदेशक किती आतुरतेनें वाट पाहत, याचें वर्णन मेकॉलेनें १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या प्रकरणांत केलें आहे. १६९५ सालीं मुद्रणावरील परवान्याचा कायदा संपला आणि छापील वर्तमानपत्रांस मोकळीक मिळाली. तरीही हस्तलिखित पत्रांची गोडी कमी झाली नाहीं. छापील कागद सर्वांचा, पण लिहिलेलें पत्र आपलें, अशी लोकांची भावना होती. हें ओळखून इकाबोड डॉक्स या मुद्रकानें १६९६ सालीं आपलें बातमीपत्र हस्ताक्षराप्रमाणें दिसणाऱ्या खिळ्यांत छापण्यास आरंभ केला. चांगला लिहिण्याचा कागद वापरून त्यावर कांहीं भाग त्यानें मुद्दाम कोरा सोडला. हेतु हा कीं, वर्गणीदारानें त्या जागेवर आपला खासगी मजकूर लिहावा आणि तेंच पत्र आप्तेष्टांस पुढें पाठवावें. म्हणजे लंडनची बातमी व घरची खुशाली एकाच टपालानें जावी. नुसत्या नक्षीनें जी आपुलकी आली नसती ती त्या कोऱ्या जागेनें आणली.

डॉक्सच्या या पत्राविषयीं १९३१ सालीं स्टॅन्ले मॉरिसन या इंग्रज मुद्रणतज्ज्ञानें एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. याच मॉरिसनच्या देखरेखीखालीं तयार झालेला ‘टाइम्स न्यू रोमन’ हा टाइप लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत ३ ऑक्टोबर १९३२ रोजीं प्रथम वापरला गेला, आणि पुढें संगणकाबरोबर तो जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोंचला. मॉरिसननें १९३० सालीं मुद्रणाच्या मूलतत्त्वांवर जो लेख लिहिला त्याचा आशय असा कीं, वाचक मजकुरासाठीं येतो, अक्षरांच्या शोभेसाठीं नव्हे. म्हणून जी रचना वाचक व लेखक यांच्यामध्यें उभी राहते ती कितीही देखणी असली तरी चुकीचीच. ज्यास डॉक्सचा हस्ताक्षरी टाइप प्रिय होता त्यानेंच हा नियम घालून द्यावा, यांत आम्हांस विसंगति वाटत नाहीं. डॉक्सचें अक्षर त्याच्या वाचकाच्या ओळखीचें होतें. म्हणूनच तें वाटेंत आलें नाहीं.

आपल्या भाषेंतही याच तत्त्वाचीं उदाहरणें आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें तेव्हां त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ शेजारीं शेजारीं होते. एकाच वाचकानें एका भाषेंतून दुसरींत जावें, किंवा दोन निराळ्या वाचकांनीं एकाच पत्रांत भेटावें, हा हेतु त्या रचनेंतच दिसत होता. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांत लोकहितवादींनीं जें समाजशिक्षण चालविलें तें पत्रांच्याच रूपानें. १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून देवनागरीचे असे खिळे तयार करविले कीं, त्या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ महाराष्ट्राबाहेरील विद्वानांनाही वाचावयास सुखाचे वाटले. वर वेलांटी व मात्रा, खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय, मध्यें शिरोरेषा, अशा लिपीस दोन ओळींमध्यें रोमन लिपीपेक्षां अधिक मोकळी जागा लागते, ही गोष्ट आपल्या जुन्या मुद्रकांस हाताच्या संवयीनें ठाऊक होती.

आतां ई-मेलकडे वळूं. १९७१ सालीं अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र पाठविण्याची युक्ति साधली. आरंभीं हें पत्र म्हणजे नुसती अक्षरें होतीं. त्याच्या ओळीची लांबीही जुन्या यंत्रांनीं ठरविलेली होती. १९२८ सालच्या पंच-कार्डावर ८० रकाने होते, त्यावरून संगणकाच्या पडद्यावर ८० अक्षरांची ओळ आली, आणि ई-मेलची ओळ ७८ अक्षरांहून लांब नसावी ही शिफारस २००१ सालच्या नियमांतही कायम राहिली. अनाहूत पत्राचा जन्मही लवकरच झाला. ३ मे १९७८ रोजीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यानें नव्या यंत्राची जाहिरात सुमारें ४०० जणांस एकदम धाडली. पत्ते इतके झाले कीं, ते ठराविक जागेंत मावेनात व पत्राच्या मजकुरांत येऊन सांडले. मागितलेलें नसतां आलेलें व आरंभींच परक्यांचे पत्ते वाचावयास लावणारें तें पत्र पाहून पुष्कळांस संताप आला, यांत नवल नाहीं.

१९९२ सालीं नथॅनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांच्या योजनेनें ई-मेलांत चित्रें, ध्वनि व रोमनेतर लिप्या पाठविण्याची सोय झाली. त्यानंतर रंगीत बातमीपत्रांचा काळ आला, आणि त्याबरोबर ज्या चुका मॉरिसननें वर्ज्य सांगितल्या होत्या त्या सर्व नव्यानें अवतरल्या. वर्तमानपत्राची नक्कल म्हणून तीनतीन स्तंभ मांडण्यांत आले. परंतु आजचा वाचक आगगाडींत उभा राहून वीतभर पडद्यावर आंगठ्यानें वाचतो, त्यास एकच स्तंभ सोयीचा पडतो. संपूर्ण पत्र एकाच चित्रांत कोरून पाठविण्याची चाल पडली. परंतु कित्येक ठिकाणीं चित्रें आपोआप उघडत नाहींत, आणि मग वाचकापुढें कोरी चौकट येते. रोमन मथळ्याप्रमाणें देवनागरी अक्षरेंही दूर दूर ताणण्यांत आलीं, आणि शिरोरेषेचे तुकडे पडले. मराठींत मोठीं अक्षरें व लहान अक्षरें असा भेद नाहीं; म्हणून मथळा उठून दिसावा तो आकारानें, ठसठशीतपणानें व भोंवतालच्या मोकळ्या जागेनें, हें आपल्या मुद्रकांनीं कधींच सिद्ध केलेलें आहे.

चित्रांतून मजकूर पाठविण्याच्या चालीस मराठींत एक कारण होतें, तें सांगितलें पाहिजे. पूर्वीं प्रत्येक मराठी टाइपाची संकेतरचना निराळी असल्यामुळें, तो टाइप ज्याच्यापाशीं नसे त्यास मराठी पत्राऐवजीं रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें, आणि जसजसा त्याचा प्रसार झाला तसतशी ही अडचण दूर झाली. तेव्हां आज चित्राचा आश्रय करणें अनावश्यक तर आहेच, शिवाय अन्यायाचेंही आहे. दृष्टि मंद झालेल्या वृद्धांस अक्षरें मोठीं करून वाचावयाचीं असतात; दृष्टिहीनांस संगणक मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो. जुन्या कारकुनाचें काम आतां यंत्र करूं लागलें आहे; परंतु त्यास चित्र नको, अक्षर पाहिजे. चित्र दिलें तर त्याखालीं त्याचें वर्णन द्यावें, आणि रंगीत पत्राबरोबर साध्या अक्षरांची प्रतही पाठवावी, ही सोय १९९२ च्या योजनेंतच करून ठेवलेली आहे.

बाकीचे नियमही या इतिहासांतूनच निघतात. अव्वीझीच्या आरंभीं गांव व तारीख असे, तसें आज पाठविणाऱ्याचें खरें नांव व विषयाची ओळ असते. विषयाची ओळ ‘विशेष’ या शब्दाप्रमाणें खऱ्या वर्तमानाकडे नेणारी असावी. तिनें कुतूहल चाळवून आंत कांहींच न दिलें तर पुढच्या वेळीं पत्र न उघडतांच टाकलें जातें. परिच्छेद लहान असावे, ओळींमध्यें जागा पुरेशी असावी, समास मोकळा असावा. रंग थोडे आणि पार्श्वभूमीपासून अक्षर स्पष्ट वेगळें दिसेल असे असावे. फार लांबलेलें पत्र जीमेलसारख्या ठिकाणीं मध्येंच कापलें जातें. पण तें न कापलें तरी वाचकाचा वेळ अमर्याद नाहीं, हें ध्यानांत धरावें.

याहून महत्त्वाची गोष्ट राहिली, ती सभ्यतेची. पुष्कळ बातमीपत्रांत डोळ्यांस न दिसणारें एक ठिपक्याएवढें चित्र दडविलेलें असतें; त्यावरून वाचकानें पत्र केव्हां उघडलें तें पाठविणारास कळतें. दरबारचा अखबारनवीस राजाच्या दिनचर्येची बातमी वकिलास देई. येथें पत्रच वाचकाच्या दिनचर्येची बातमी परत नेतें, आणि तीही त्यास न कळत. २०२१ सालीं ॲपलनें आपल्या ई-मेलांत या हेरगिरीस आडकाठी घातली, ती योग्यच होय. नको असलेलें पत्र बंद करण्याच्या हक्काचेंही तसेंच. अमेरिकेंत २००३ सालच्या कायद्यानें तो हक्क मान्य केला. तरी बंद करण्याचा दुवा पत्राच्या तळाशीं, फिकट व बारीक अक्षरांत लपविण्याची युक्ति निघालीच. शेवटीं फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर व्यापारी पत्रें पाठविणारांवर एका टिचकीसरशी नांव कमी करण्याची सोय देण्याचें बंधन घातलें. ज्या पत्राच्या रचनेंत वाचकास अडकवून ठेवण्याचा हेतु आहे तें पत्र आम्ही सुंदर म्हणणार नाहीं, मग त्याची अक्षरें कितीही घोटीव असोत.

मराठींतील संस्था, ग्रंथालयें, शाळा व परदेशांतील मराठी मंडळें यांच्या हातीं आज असें साधन आलें आहे कीं, कारोलुस किंवा डॉक्स यांस त्याचा हेवा वाटला असता. नकलनवीस नको, खिळे नकोत, टपालाचा खर्चही फारसा नको. परंतु साधन स्वस्त झालें म्हणून वाचकाचें लक्ष स्वस्त झालेलें नाहीं. डॉक्सनें आपल्या कागदावर वाचकासाठीं जागा राखली होती. आज तीच जागा उत्तराच्या रूपानें राखतां येते. तथापि ‘या पत्त्यावर उत्तर पाठवूं नये’ अशी सूचना असलेलीं बातमीपत्रेंच अधिक दिसतात. ती सूचना काढून टाकावी आणि येणारीं उत्तरें वाचण्यास एक माणूस नेमावा, एवढें जरी आपल्या संस्थांनीं केलें तरी त्यांच्या बातमीपत्राचें रूप सुधारण्यास तेथूनच आरंभ होईल. कारण अक्षर लहान आहे, ओळी दाटल्या आहेत, मजकूर लांबला आहे, हें सांगणारा पहिला मनुष्य वाचकच असतो.